मिस इमोजीनचा फटका

माझ्या उजव्या तळहाताला मिस इमोजीनचा फटका अजून आठवतो. हेमलॉक फोर्कच्या कॉलेजात ती जे काम शिकवायची ते लांबून बघणाऱ्याला अगदीच किरकोळ वाटेल. ऑपरेशनच्या टेबलाशी उभं राहायचं आणि सर्जनला जे हत्यार हवं ते त्याच्या हातात द्यायचं. झालं, एवढंच. पहिल्याच दिवशी तिनं हात पुढे केला आणि कात्री दे म्हणाली. मी आपली वळण लागलेली मुलगी, कात्री अदबीनं तिच्या हातावर ठेवली. तिनं बोटंसुद्धा मिटली नाहीत. कात्री खणकन फरशीवर पडली. उचलायला वाकले तर ओरडली, की पडलं ते मेलं, त्याला हात लावायचा नाही, दुसरी घे. मग माझा हात पुढे करायला लावला आणि दुसरी कात्री अशी फटकन हाणली की माझी बोटं आपोआप मिटली.

“सर्जनचे डोळे जखमेत असतात,” ती म्हणाली. “हातात काय आलंय ते हातालाच कळलं पाहिजे. त्याला मान वर करावी लागली, तर तू तिथे कशाला उभी आहेस?”

बाई तशी कडकच. आमच्या डोंगरात कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ज्या पोरींना दुकानाच्या गल्ल्यावर बसण्यावाचून दुसरं काही दिसत नव्हतं, त्यांना धरून आणून तिनं उभं केलं. उभं केलं म्हणजे खरोखरच उभं केलं. आमच्या कामात बसणं नाही, आणि वर्गातही ती कुणाला बसू द्यायची नाही, स्वतःही बसायची नाही. शिकवताना ती सर्जन व्हायची आणि तोंडातून एक शब्द काढायची नाही. दोन बोटं उघडून मिटली की कात्री. पेन धरल्यासारखी बोटं केली की सुरी. मनगट फिरवलं की टाक्याची सुई. ज्याला हे कळलं नाही त्याच्याकडे अशी बघायची की आपणच टेबलावर झोपून पोट फाडून घ्यावं असं वाटायचं. मी तिच्या हाताखालून निघाले, पुढची पायरीही शिकले, आता सर्जनच्या समोर उभी राहून जखम उघडी धरते, टाके घालते. पण तिच्यासमोर गेले की अजून माझी पाठ ताठ होते.

अशा या बाईच्या घरात मात्र सगळा आवाज हर्शेलचा. हर्शेल तिचा नवरा; ‘मिस’ आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही मानानं म्हणतात. शाळेची बस चालवायचा, आणि आमच्या खोऱ्यातलं झाडून सगळं माणूस कधी ना कधी त्याच्या बसमधून गेलेलं आहे, मीसुद्धा. आरशातून बघत “खाली बस” म्हणून त्यानं आरोळी ठोकली की मागच्या बाकावरची दांडगी पोरंही मटकन बसायची. मनानं मात्र लोण्यासारखा. बर्फ पडला तर पोरांना घराच्या दारापर्यंत सोडायचा.

निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं, तर त्याला मेंदूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. पुढे पाय थोडा हलायला लागला, उजव्या हाताची बोटं मिटायला लागली, पण त्या हाताची जाण काही धड परत आली नाही. आणि वाचेतलं काय उरलं, तर ते दोन शब्द. खाली बस. पाणी हवं तरी खाली बस, दुखलं तरी खाली बस. पाद्री प्रार्थना करायला आले, उभं राहून डोळे मिटतात तोच हर्शेल म्हणाला, खाली बस. पाद्री बसले. आम्ही हसलो आणि मग इमोजीनकडे बघून हसू आवरलं.

खरी पंचाईत जेवणाची होती. व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं बजावलं होतं, उजवा हात वापरला नाही तर असलेलाही जाईल. हर्शेल हट्टी, त्यानं ते मनावर घेतलं. डाव्या हातानं खाणार नाही, कुणी भरवलं तर तोंड उघडणार नाही. उजवा हात पुढे करायचा. इमोजीन त्यात चमचा ठेवायची, चमचा पडायचा. पुन्हा ठेवायची, पुन्हा पडायचा. मग तो वाडगं भिरकावायचा आणि रडायचा. त्याची गालफडं बसली, पँटला पट्टा पुरेना.

त्यांची मुलगी रोंडा लेक्सिंग्टनला असते. पोरगी वाईट नाही, उगीच तिला नावं ठेवणार नाही मी. पण आई झिजत चाललेली तिला बघवत नव्हती. तिनं आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात बापासाठी खोली बघितली आणि सांगितलं, की नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवायला येते, तोवर बाबा स्वतःच्या हातानं जेवायला लागले नाहीत तर त्यांना घेऊन जाईन. इमोजीननं मला हे बशा पुसता पुसता सांगितलं. हर्शेल या डोंगराबाहेर एक रात्र कधी राहिलेला नाही. ती म्हणाली, तिथे तो महिन्यात संपेल. आणि तीच बशी परत पुसायला घेतली.

त्या वर्षी तिच्या वर्गात टॅबिथा नावाची मुलगी होती. हुशार, पण हात इतका मऊ की विचारू नका. हत्यार द्यायची ते झोपलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घातल्यासारखं. परीक्षेत नापास होणार हे दिसत होतं. हर्शेलला सोडून कॉलेजात जादा थांबणं इमोजीनला शक्य नव्हतं, म्हणून शनिवारी टॅबिथाचा सराव तिच्या स्वयंपाकघरातच चालायचा. मीही जायचे, हर्शेलला सोबत म्हणून. टेबलावर टॉवेल पसरून त्यावर स्वयंपाकघरातलीच हत्यारं मांडायची. सुईच्या जागी चमचा. म्हणजे इमोजीननं मनगट फिरवलं की टॅबिथानं चमचा द्यायचा. हर्शेल समोरच्या खुर्चीत बसून टक लावून बघायचा. आम्हाला वाटायचं, बिचाऱ्याचा वेळ जातो.

एका शनिवारी टॅबिथाला फारच बोलणी बसली. हातात अंडं ठेवतेयस का गं, इथपासून ते तुझ्यापेक्षा माझी मांजर जोरात मारते, इथपर्यंत. पोरगी रडायच्या बेतात. इमोजीन भट्टीतला मक्याचा पाव काढायला वळली. हर्शेलपुढे घेवड्याचं वाडगं निवत पडलेलं. आणि त्यानं डावा हात वर केला, मनगट फिरवलं आणि उजवा हात पुढे केला.

टॅबिथाला त्या क्षणी आजारी म्हातारा दिसलाच नाही. खूण दिसली आणि पुढे आलेला हात दिसला. सकाळपासूनचा सगळा राग एकवटून तिनं चमचा त्या तळहातात फाडकन हाणला.

हर्शेलची बोटं मिटली. चमचा हातातच राहिला. त्यानं हाताकडे असं बघितलं, जसं काही कुणी हरवलेलं माणूस दारात उभं आहे. मग चमचा वाडग्यात घातला आणि तोंडाला नेला. थोडं सांडलं, बाकीचं पोटात गेलं.

“अगं, मारलंस त्याला!” इमोजीन पावाचा गरम तवा हातात धरून ओरडली.

टॅबिथाचं तोंड पांढरं पडलं. मीच म्हटलं, तिनं मारलं नाही, तू शिकवलंस तसं दिलं. आणि तिघींनाही एकदमच कळलं. आयुष्यभर जी बाई हाताला कळलं पाहिजे म्हणून घसा फोडत आली, ती स्वतःच्या नवऱ्याच्या बधिर हातात चमचा हळूच ठेवत होती, त्याला लागू नये म्हणून.

पुढे वर्गातल्या पोरी पाळी लावून जेवणाच्या वेळी यायला लागल्या. फटकन चमचा द्यायच्या, हर्शेल जेवायचा. त्याला तर मजाच वाटायची. कात्रीची खूण करून मांस कापून मागायचा, सुरीची खूण केली की पावाला लोणी लावून हवं असायचं. टॅबिथाचा हात तर असा बसला की परीक्षेत सर्जनची मान एकदाही वर झाली नाही. पण इमोजीनच्या हातून मात्र चमचा पडायचाच. मी तिला वैतागून म्हटलं, की बाई, अर्ध्या खोऱ्याला तू फटके मारलेस, आता एक फटका मारायला काय होतंय?

“ते हात परक्यांचे होते,” ती म्हणाली. “हा कुठे पडला, कसा पडला, ते मी पाहिलंय. माझा हात उठत नाही गं.”

थँक्सगिव्हिंगला सगळ्या पोरी आपापल्या घरी. माझं घर म्हणजे मी आणि कुत्रं, म्हणून मी दरवर्षीसारखी इमोजीनकडे. रोंडा आली, बापाच्या गालावर हात फिरवला, आणि त्याची भरून ठेवलेली बॅग गाडीत न्यायला दाराशी आणून ठेवली. कुणी त्या बॅगेकडे बघत नव्हतं, आणि दिसत मात्र सगळ्यांना तीच होती. टर्की कापली, बटाटे वाढले. मला वाटत होतं, आपणच उठावं आणि चमचा द्यावा. पण मी उद्या परत ऑपरेशनच्या टेबलाशी असणार होते. या टेबलाशी रोज असणार होती ती इमोजीनच. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले.

हर्शेलनं मनगट फिरवलं. हात पुढे केला. इमोजीननं चमचा ठेवला, तसाच, हळू. तो घसरून फरशीवर गेला.

रोंडानं मान खाली घातली. म्हणाली, “आई, पुरे कर ना आता. तूही दमलीयेस.” आणि चमचा उचलायला वाकली.

“उचलू नकोस,” इमोजीन म्हणाली. आवाज वर्गातला होता. “पडलं ते मेलं.”

तिनं दुसरा चमचा घेतला. हर्शेलचा हात तसाच पुढे होता. आणि तो आरशातून बघायचा तसा तिच्याकडे बघत होता, वाट बघत. इमोजीनचे डोळे वाहायला लागले. ऑपरेशनच्या टेबलाशी ते पुसायला हात लावायचा नसतो, ही आमची सवय, तिनं ते वाहू दिले. मग दात आवळले आणि चमचा त्याच्या तळहातात असा हाणला की टेबलावरचे पेले वाजले. रोंडा खुर्चीतून अर्धी उठली.

हर्शेलची बोटं मिटली. त्यानं बटाट्यात चमचा घातला, खाल्ला, पुन्हा घातला, पुन्हा खाल्ला. हनुवटीवर सांडलं ते डाव्या हातानं पुसलं. रोंडा तशीच अर्धवट उभी राहून बापाला जेवताना बघत होती. मग ती दाराशी गेली आणि बॅग उचलून आतल्या खोलीत ठेवून आली. मी खिडकीकडे बघत होते, कारण माझंही काही बरं चाललेलं नव्हतं.

इमोजीन मात्र होती तिथेच होती. त्याच्या उजव्या बाजूला, हात अर्धवट पुढे, पुढची खूण कधी येते ते बघत. तिच्या ताटातलं सगळं गार झालेलं. हर्शेलनं खाता खाता चमचा खाली ठेवला. तिच्याकडे वळला, शेजारची खुर्ची डाव्या हातानं बाहेर ओढली.

“खाली बस,” तो म्हणाला.

आणि मिस इमोजीन बसली.