शनिवारची शिफारस

दर शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या आधी, मी शिक्षकांच्या ग्रुपवर एक शिफारस टाकते: एखादं पुस्तक आणि वर्गात उपयोगी पडेल असं एखादं ॲप. मालवणजवळच्या एका हायस्कुलात मी ग्रंथपाल आहे. हे काम मला कोणी सांगितलेलं नाही. उत्तरादाखल जोडलेले हात येतात, एकाखाली एक, आणि पुस्तक कपाटातून हलत नाही. पीटीचे सर तर शिफारस वाचायच्या आधीच हात जोडतात, असा माझा पक्का संशय होता. मला याचा राग येतो आणि तो मी लपवत नाही.

पुस्तक नेणारा माणूस एकच. आठवीला मराठी शिकवणारे, वालावलहून एसटीने येणारे, निवृत्तीच्या जवळ आलेले सर. पुस्तक परत करताना म्हणायचे, "बरां आसा."

आठवीचा वर्ग माझ्या भिंतीपलीकडेच. सर धडा वाचू लागले की मी पुस्तकांवर नंबर घालायची थांबायचे, असं त्यांचं वाचन. गेल्या वर्षी ते बंद पडलं. सर नुसते समजावायचे आणि मुलंच अडखळत वाचायची. शेवटी मी विचारलं, "सर, हल्ली तुमचो आवाज येणा नाय?"

त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "बाय, माका अक्षर दिसणा नाय. डॉक्टर म्हणता, गेलली नजर परत येवची नाय. कोणाक सांगू नको. मे महिन्यात राजीनामो देतलंय."

"मगे पुस्तकां कित्याक न्हेतास?"

"तू इतक्या शोधून काढतंस. कोणीतरी न्हेवक नको?"

मला रडू आलं. इतकी वर्षं ॲप सुचवत होते आणि ज्याला खरंच गरज होती त्याच्याकडे माझं लक्षच नव्हतं. पानावर फोन धरला की मजकूर मोठ्याने वाचणारं एक ॲप मी त्यांना लगेच दाखवलं. सरांनी अर्धं पान ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला. "ही बाय स्टँडार गाडी लागल्याचा सांगता तसा वाचता."

म्हणून मीच वाचायला बसले. एका पुस्तकाचं पहिलं प्रकरण फोनवर रेकॉर्ड केलं. पण फक्त त्यांच्यासाठी केलेलं त्यांना चाललं नसतं, म्हणून ते शनिवारची शिफारस म्हणून सगळ्यांना पाठवलं. सोमवारी गणिताच्या बाई म्हणाल्या, "बांगडे साफ करताना ऐकलंय. फुडे काय झाला?" मी पुढचं प्रकरण वाचलं, मग त्याच्या पुढचं.

पावसाळा संपला, दिवाळीची सुट्टी झाली. आणि एका शनिवारी माझ्या आधीच ग्रुपवर सरांचा आवाज आला. ते तिथे कधीच बोलत नसत.

"आजची शिफारस माझी. माका आता वाचूक दिसणा नाय. आठवीक मीच शिकवतलंय, पण धडो वाचूक कोणतरी व्हयो. ज्याका मोकळो तास आसा, त्याणा येवचां."

मी फोन हातात धरून बसले होते. आता जर कोणी हात जोडले असते तर मी तो ग्रुपच सोडला असता.

पहिलं उत्तर पीटीच्या सरांचं आलं. "सर, सोमवारी माझो तास मोकळो आसा. मी येतंय. पण माका नीट वाचूक येणा नाय, सांभाळून घेवा."

सोमवारी भिंतीपलीकडून कवायतीच्या आवाजात धडा सुरू झाला. मुलं खो खो हसली. मग सरांचा आवाज आला, "थांब. परत वाच. सावकाश." पीटीच्या सरांनी परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही.

मधल्या सुट्टीत पीटीचे सर माझ्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. "घराक वाचूक कायतरी देवा," ते म्हणाले. "सर म्हणतत, सराव व्हयो."

मे महिना आला तशी मला धाकधूक होती. राजीनामा आला नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा वालावलच्या एसटीतून सर उतरले, आणि त्यांचा हात धरायला पीटीचे सर फाटकात उभे होते, काखेत माझं पुस्तक.