फडक्याआडचं वाचनालय

सत्तावन्न साली फ्लूची साथ आमच्या तळेगावात पोचली तेव्हा आर्वीहून डॉक्टर आले आणि गावात दवंडी पिटली गेली. दवाखाना, पोस्ट, शाळा आणि वाचनालय, इथे नाकातोंडाला फडकं बांधल्याशिवाय कुणी पाय ठेवायचा नाही. पुरुषमंडळी अशी चिडली, की जणू कुणी त्यांच्या मिशाच उतरवायला सांगितल्या होत्या. आमच्या गल्लीतल्या बायका मात्र हसत सुटल्या. शेजारची काकू म्हणाली, "आता समजन याइले, तोंड झाकून चालनं काय राह्यते ते!"

मला त्या नियमाबद्दल आजही माया आहे. लोक तापानं फणफणत होते, गल्लीतले एक आजोबा त्यातच गेले, त्यामुळे असं म्हणणं बरं दिसत नाही हे मला कळतं. पण त्या फडक्यामुळे माझी आई आयुष्यात पहिल्यांदा वाचनालयात गेली.

घरात आम्ही तिघंच होतो. आई, मी आणि वडिलांचे वडील, म्हणजे आबाजी. वडील आर्वीला कचेरीत कारकून होते आणि शनिवारी घरी यायचे. आईला वाचनाची भारी भूक. पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचल्याशिवाय चुलीत घालत नसे. बाईनं वाचनालयात जाऊ नये असं कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहायची कुणाला गरजच वाटली नव्हती. वडिलांना पुस्तक आणायला सांगितलं, तर त्यांनी गुरांच्या रोगांवरचं पुस्तक आणून दिलं. "जाड हाये, पुरन तुले," म्हणाले. आईनं तेही शेवटपर्यंत वाचलं.

तिचा जीव अडकला होता तो जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांत. मी आबाजींबरोबर वाचनालयात जायची. तिथे त्या खंडांतली एक क्रमशः कादंबरी मला सापडली, आणि मी घरी येऊन आईला ती अर्धवट, माझ्या पद्धतीनं सांगायची. माझं सांगणं म्हणजे गाळलेल्या जागा भरा. खंड घरी न्यायला मिळत नसत. आई भाकरी थापता थापता विचारायची, "मंग तिनं त्या मान्साले काय म्हनलं?" आणि मला ते नेमकं आठवायचं नाही. तिचा चेहरा पडायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा.

वाचनालयात आबाजी रोज दुपारी असत, ही खरी अडचण. ते जुन्या रीतीचे सासरे. सून समोर यायची नाही, बोलायची नाही, सासऱ्यांसमोर बसायची तर नाहीच. घरात शिरण्याआधी ते दारात खाकरत, म्हणजे आईला आत सरकायला वेळ मिळे. काही सांगायचं असलं की मला हाक. "तुह्या आईले म्हन, भाजीत मीठ कमी हाये." आई दाराआड दोन हातांवर उभी असे, तिनं सगळं ऐकलेलं असे, तरी मला उठून जावं लागे आणि भाजीत मीठ कमी आहे हे तिला सांगावं लागे. यात दुष्टावा काही नव्हता. आबाजी मनानं मऊ होते, आई त्यांना फार मानायची. रीत तेवढी दोघांच्या मध्ये बसलेली होती.

दवंडीनंतर दोन-चार दिवसांनी आईनं माझ्या जुन्या परकराचं फडकं फाडलं, नाकावरून बांधलं, त्यावर पदर ओढला आणि मला विचारलं, "मले कोनी वळखन का?" मी म्हटलं, "देवसुद्धा नाई वळखनार." आबाजी जेवण झालं की मोटारस्टँडवर जाऊन बसत. दुपारच्या गाडीनं पेपरचा गठ्ठा येई, तो स्वतः उचलून ते वाचनालयात नेत, म्हणजे घडी त्यांच्याच हातानं मोडली जाई. तेवढ्यात आम्ही दोघी मागच्या बोळातून वाचनालयात पोचलो. ग्रंथपाल नवा होता, परगावचा. त्यानं फडकं नीट बांधलंय ना तेवढं पाहिलं आणि खंड काढून दिला. कोपऱ्यातल्या बाकावर आई पाठमोरी बसली; मी मुद्दाम लांब, माझ्या नेहमीच्या जागी. तिनं पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

आबाजी आले. फडक्यातून मोठ्यानं पेपर वाचू लागले, कारण न वाचता येणारे चार-पाचजण रोज त्यांच्याकडून बातम्या ऐकायला येत. त्या बुरख्यातून पंतप्रधानांचं भाषण विहिरीतून आल्यासारखं ऐकू येत होतं. आई हलली नाही. ते उठायच्या आधी आम्ही घरी.

मग रोजच. घरी परतताना तिचा चेहरा असा उजळलेला असे की मला तिची मोठी बहीण झाल्यासारखं वाटे. आता कादंबरी ती मला सांगायची, आणि काय सांगायची! एकदा त्या नादात वरण करपलं.

एके दिवशी पेपर घेऊन आलेले आबाजी वाचनालयाच्या दारात थांबले आणि खाकरले. साथीचे दिवस, सगळ्यांनी दचकून पाहिलं. ग्रंथपाल म्हणाला, "आबाजी, खोकला असला तर घरी थांबा."

"खोकला नाई, सवय हाये," आबाजी म्हणाले.

मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर तिथे येत होते. घराच्या दाराखेरीज ते कुठेच खाकरत नसत. बोळातून येताना मी आईला तसं म्हटलं. ती जागच्या जागी उभी राहिली. फडकं खाली ओढून हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांना पाणी आलं. "मी बी कशी येडी! मामंजीनं माहं तोंड कधी पाह्यलंच नाई. इतके वर्सं खाली मान घालून माहे पायच पाह्यले, बांगड्याच आयकल्या. अन् मी तोंड झाकून बसली!"

मला वाटलं, आता संपलं. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा फडकं बांधायला बसली. आबाजी दारात खाकरले, आईनं पदर सारखा केला, आणि दोघंही आपापलं वाचत राहिले. तोंडाला फडकं होतं तोवर 'मी कुणाला ओळखलं नाही' असं दोघांनाही म्हणता येत होतं.

साथ ओसरली. पुन्हा दवंडी, नियम उठला. गावानं फडकी भिरकावली, आणि आईनं तिचं धुऊन चुलीजवळ भांडी उतरवायला घेतलं. ती गेली नाही. मी हट्ट केला, रुसले, शेवटी ओरडलेसुद्धा. "मामंजीच्या समोर उघड्या तोंडानं बसू? लाज नाई का मले?" एवढंच म्हणाली. कादंबरी ऐन रंगात आलेली होती. मी वाचून सांगते म्हटलं, तर नको म्हणाली. ते 'नको' मला फार लागलं.

काही दिवस असेच गेले. एका संध्याकाळी जेवता जेवता आबाजींनी मला हाक मारली.

"तुह्या आईले सांगजो, उद्यापासून मी वाचनालयात सकाळीच जात जाईन. दुपारी पेंग येते मले."

मी म्हटलं, "पन आबाजी, पेपर तं दुपारच्या गाडीनं येते. सकाळी कालचाच राह्यते."

"मंग? कालचा काय वाईट राह्यते?" ते ताटाकडे पाहत म्हणाले. "जाय, सांग तिले."

मी उठून दाराआड गेले. आई तोंडात पदर धरून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं, तरी मी रीतीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती उघड्या तोंडानं, पुढच्या रस्त्यानं वाचनालयात गेली. आबाजी त्यानंतर बरीच वर्षं जगले, आणि शेवटपर्यंत जगातली प्रत्येक बातमी त्यांना एक दिवस उशिरा कळत राहिली.