माझ्या खेळातलं धान्य

आमच्या घरात साठवून ठेवावं असं काही नव्हतंच. अकोल्याच्या कडेला बाबा दुसऱ्याची जमीन बटईनं करायचे. त्यात वांगी, मेथी, पालक आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्यांसाठी सांगते. आई बाजारात बसायची. मार्च सरला की सकाळी अकरालाच मेथी मान टाकायची. ओलं पोतं झाका, पाणी शिंपडा, पण दुपारपर्यंत विकलं तेवढंच आपलं. उरलेलं आम्ही खायचो आणि आम्हाला संपलं नाही की शेजारच्यांच्या म्हशी खायच्या. सलग चार दिवस पालक खाल्लेला माणूस पाचव्या दिवशी पालकाकडे कसा बघतो, ते मला माहीत आहे. दादा बारावीनंतर आईशेजारी गाळ्यावर बसला, म्हणून मी अमरावतीला बी.एस्सी.ला जाऊ शकले. त्यानं हे कधी बोलून दाखवलं नाही. मी बोलते, कारण ते खरं आहे.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. बाकीच्यांनी लायब्ररीचं सॉफ्टवेअर, दवाखान्याचं सॉफ्टवेअर असलं काहीतरी घेतलं. मी म्हटलं, मी खेळ करणार. नकाशावर चार राज्यं, आणि बुद्धिबळासारखी एकाची खेळी झाली की दुसऱ्याची. खेळणारे कमी असले तर उरलेली राज्यं कॉम्प्युटर चालवणार. प्रत्येक खेळीला राज्यात धान्य येतं. ते सैन्यावर घालायचं, शेजारच्या राज्यात दूत पाठवायला वापरायचं, की कालवा, तटबंदी, लोखंडी नांगर अशा शोधांवर लावायचं, हे खेळणाऱ्यानं ठरवायचं. तिन्ही गोष्टींचा तोल साधेल तो जिंकेल, असं मी प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

पण खेळात तसं होतच नव्हतं. राजापेठेतल्या आमच्या खोलीवर मैत्रिणी खेळल्या, तर चौथ्या खेळीला युद्ध आणि सातव्या खेळीला खेळ खतम. जी आधी हल्ला करेल ती जिंकणार. मी दूत स्वस्त केले, तरी कुणी पाठवेना. सैनिक कमजोर केले, तर दोघी चाळीस खेळ्या एकमेकींना बुकलत बसल्या आणि जिंकलं कोणीच नाही. माझी रूममेट म्हणाली, "बाप्पा, तुह्या खेळात बोलाले टाइम कोणाले हाय?"

पहिल्या तपासणीला गाइड सरांनी दोन डाव खेळून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "हा खेळ नाही, मारामारी आहे. राजकारण कुठे आहे? संशोधन कुठे आहे? पंधरा दिवस देतो. तोल जमला नाही तर यंदा सही करणार नाही."

सही नाही म्हणजे वर्ष गेलं. आणखी एक वर्ष खोली, मेस, फी आमच्या घराला झेपण्यासारखं नव्हतं, आणि ते मला कुणी सांगायची गरजही नव्हती. मी रूममेटचा लॅपटॉप मागून घेतला आणि अकोल्याच्या एसटीत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार उठल्यावर आई आणि दादा घरी आले. मी लॅपटॉप पाटावर ठेवून सूत्रं बदलत होते. दादाला वाटलं मी नुसती खेळतेच आहे. तो म्हणाला, "आण इकडं, मी खेळतो. माये, तूबी ये. तुह्यं राज्य उजवीकडचं."

"मले नाई येत ते."

"काई नाई लागत. बोटानं दाब फक्त."

आई हात पुसून बसली. तिच्या कोठारात शंभर पोती धान्य होतं. पहिल्या खेळीला तिनं काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. दादानं सैन्य वाढवलं. पुन्हा तिची पाळी आली तेव्हा तिनं भुवया आवळल्या.

"माह्यी अर्धी पोती कुठं गेली?"

"सडली," दादा म्हणाला. त्यानं आदल्या रात्री एक डाव माझ्यासोबत खेळून बघितला होता. "खर्च करून टाकत जाय माये, नाई तं दर खेपेले अर्धं सडते."

"हे काय हाय पण? ज्वारीच ना?"

"धान्य आहे," मी म्हटलं. "ज्वारी समज."

"मंग ज्वारी काहून सडन?" आई माझ्याकडे वळली. "ते काय मेथी हाय?"

मी सूत्रं उघडली. ती ओळ मी पहिल्याच दिवशी लिहिली होती, उरलेल्या मालातला अर्धा वजा. दोन महिने मी सैनिक तपासले, दूत तपासले, शोधांच्या किमती तपासल्या, पण त्या ओळीकडे एकदाही शंकेनं बघितलं नाही. राहिलेला माल सडतो, ही गोष्ट मला सूर्य उगवतो इतकी उघड वाटत होती. एखाद्या ज्वारी-तुरीवाल्याच्या पोरीनं ही चूक केली नसती. साठवता येत नाही म्हटल्यावर शोधासाठी पाच खेळ्या कोण थांबणार? जे आहे ते आत्ताच्या आत्ता सैन्यावर घाला आणि शेजाऱ्याचं लुटा, हेच शहाणपण होतं.

दादा इतका हसला की बाबा बाहेरून बघायला आले. "अवं, राजाच्या कोठारात सांबार भरला इनं!"

मी ती ओळ काढली. पण तेवढ्यानं भागलं नाही, उलटंच झालं. आता दोघंही धान्य दाबून बसले आणि नांगर, कालवे करत राहिले. लढाईही नाही, बोलणंही नाही. आईला दहा मिनिटांत कंटाळा आला.

"भरलेलं कोठार दिसलं तं कोणी चोराले येईनच ना?" ती म्हणाली. "आन् हा तुहा दूत रिकाम्या हातानं जाते का शेजारच्या घरी? कोन उभं करन त्याले?"

आईच्या शेजारी मिरच्या विकणारी मावशी बसायची. बाजार उठताना दोघींची उरलेली भाजी एकमेकींच्या पिशवीत जायची, आणि एक चहाला गेली की दुसरी दोन्ही गाळे बघायची. आई बोलत होती ते एवढंच.

ते चार दिवस मी बाजारात गेले नाही, खेळच बदलत बसले. ज्याचं कोठार मोठं, ते शेजारच्या राज्यांना नकाशावर दिसू लागलं. दूताबरोबर धान्य पाठवता येऊ लागलं, आणि ज्याला ते मिळालं ते राज्य पुढच्या काही खेळ्या देणाऱ्याच्या बाजूनं उभं राहू लागलं. साठवलं तरच शोध लागेल, साठवलं तर लुटीची भीती, म्हणून तह, आणि तह मोडणाऱ्यासाठी थोडं सैन्य हाताशी. एका डावात दादा लढाईनं जिंकला, एकात आई नुसते दूत पाठवून, आणि एकात बाबा. बाबांनी कुणाशी न बोलता तट बांधला आणि आत बसून राहिले. तीन माणसं, तीन वाटा. तोल जमला हे मला तेव्हाच कळलं होतं, पण खोलीवर परत जाऊन मैत्रिणींकडून वीस डाव खेळवून घेतले, तेव्हा कुठे विश्वास बसला.

शेवटच्या तपासणीला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक मॅडम आल्या होत्या. त्या आणि आमचे सर समोरासमोर खेळले. सरांनी सवयीप्रमाणे चौथ्या खेळीला हल्ला केला. मॅडमनी तोवर मधल्या राज्याला धान्य पाठवून ठेवलं होतं. त्या राज्यानं सरांचं सैन्य अडवलं, तेवढ्यात मॅडमची तटबंदी पुरी झाली. सर पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "परत एकदा खेळू." ते ऐकल्यावर माझे खांदे सैल झाले. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हे सुचलं कसं?" मॅडमनी विचारलं.

"आमचा भाजीचा धंदा आहे मॅडम," मी सांगितलं. आधीच्या वर्षांत हे वाक्य मी वर्गात हळू बोलायचे. त्या दिवशी हळू बोलले नाही.

सरांनी सही केली. मी जिन्यातूनच दादाला फोन लावला, त्यानं तो आईच्या कानाला लावला. मागं बाजाराचा गलका होता.

"झालं का वं?"

"झालं."

"मंग रडून काहून राहिली?"

"नाही रडत."

"बरं. मेथीचं गिऱ्हाईक उभं हाय, ठेव आता."

जूनमध्ये निकाल लागला. मी प्रथम श्रेणीत बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणाकडे पदवी नव्हती. आता माझ्याकडे आहे.