पोर्शनबाहेरचं नाटक

रिकाम्या खोलीत शिरतानाही दार वाजवणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली मराठीच्या एम.ए.ची. तळणीकर सर तिच्यापाशी येत, दारावर हलकी टकटक करत, क्षणभर थांबत आणि मग आत जात. आत बहुतेक वेळा कोणी नसे. मी नोकरीत नवा होतो, तेव्हा मला वाटलं, या गृहस्थांचं काहीतरी बिनसलेलं आहे. एकदा विचारलंच. ते म्हणाले, "रंगमंचावर कोणी असंच शिरत न्हाई. आत काहीतरी चालू असतं, त्यात आपण जातो. आता कोणी दिसत न्हाई म्हणून आत काही चालूच न्हाई, असं कसं म्हणावं?"

मी शेजारच्या खोलीत इतिहास शिकवत असे. दोन खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत होती. पूर्वीच्या एका प्राचार्यांनी एका मोठ्या खोलीच्या दोन केल्या, त्याला 'विस्तार' म्हटलं आणि त्या विस्ताराची संगमरवरी पाटीही बसवली. पाटी भिंतीपेक्षा जाड होती. त्यामुळे माझ्या विद्यार्थ्यांना निजामाच्या महसूल पद्धतीबरोबर थोडं नाटकही ऐकू येई. त्यांनी दोन्हींकडे सारख्याच निष्ठेने दुर्लक्ष केलं. मी मात्र ऐकत गेलो.

सर जे नाटक शिकवत ते जुनं, तीन अंकी. एका निवृत्त न्यायाधीशाची मुलं घराची वाटणी मागतात आणि जन्मभर दुसऱ्यांचे निवाडे करणाऱ्या त्या माणसाला घरातला निवाडा जमत नाही, अशी गोष्ट. त्यावरचे प्रश्न गाईडवाल्यांनी कधीच ठरवून टाकले होते. 'नाटकातील संघर्ष सोदाहरण स्पष्ट करा' हा त्यांतला राजा. तो प्रश्न वाचला की सरांचा चेहरा आंबट होई. "संघर्ष! संध्याकाळच्या भोकरदन गाडीत खिडकीच्या जागेसाठी काय कमी संघर्ष होतो? त्याला नाटक म्हणता का?"

त्यांचा प्रश्न वेगळा असे. या प्रवेशात गप्प कोण आहे? "जो बोलतो त्याचं गाईडवाल्यानं लिहून ठेवलंय. जो गप बसलाय, त्याचं तुम्ही लिहा." त्या नाटकात न्यायाधीशाची विधवा बहीण आहे. पहिल्या अंकात ती कोपऱ्यात बसून तांदूळ निवडते. भाऊ आणि पुतणे तावातावाने बोलत असतात. तिला एकही वाक्य नाही. या आत्यावर सर अख्खा महिना काढत. "कोणत्या वाक्याला तिचा हात थांबला? नाटककारानं लिहिलं न्हाई. बराबर. ते तुमच्यासाठी सोडलंय." विद्यार्थी खाली पाहत. परीक्षेत आत्यावर प्रश्न येत नाही हे त्यांना ठाऊक असे. सरांनाही ठाऊक होतं.

समारंभांशी सरांचं जमलं नाही. मराठीच्या गौरवाचा कार्यक्रम दरवर्षी होई. फलकावर पाहुण्यांचं नाव मोठं, त्याखाली संस्थेच्या अध्यक्षांचं त्याहून मोठं आणि मराठी कुठेतरी कोपऱ्यात. एका वर्षी अध्यक्षांनी आग्रहाने सरांना बोलायला उभं केलं. सर म्हणाले, "मराठीचा गौरव खाली बसलेल्यांनी करायचा असतो. ते कधीचे गप आहेत, त्यांना जेवायला सोडावं." आणि बसले. त्या सभागृहात मी ऐकलेल्या सर्वांत मोठ्या टाळ्या त्या. अध्यक्षांनीही वाजवल्या, विनोद आपल्यावर आहे हे त्यांना बहुधा संध्याकाळी कोणी तरी सांगितलं असावं.

घरी सर एकटेच होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा पुण्यात. नव्या जालन्यात दोन खोल्या भाड्याने घेतलेल्या, डबा खाणावळीचा. सुट्टीच्या दिवशीही ते महाविद्यालयात येऊन बसत. मी एकदा म्हटलं, "सर, रविवारी तरी आराम करा." ते म्हणाले, "घरी आरामच असतो हो. तोच तर झेपत न्हाई."

वर्गही आटत गेला होता. नावं पटावर असत, माणसं परीक्षेला येत. कोणी कंपनीत लागलेला, कोणी दुकानावर, गाईड होतंच. सरांच्या शेवटच्या वर्षी नियमित येणारी विद्यार्थिनी एकच उरली, टेंभुर्णीच्या अनिता गाडेकर. तिशी उलटलेली, दोन मुलांची आई. नवऱ्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायचं होतं. सकाळची कामं उरकून एसटीने यायची आणि दुपारच्या गाडीने जायची. सर तिला 'गाडेकर बाई' म्हणत आणि अहोजाहो करत. ते तिच्या एकटीसाठी उभं राहून, पूर्ण आवाजात शिकवत. प्लायवूडपलीकडून मला कधीकधी तिचा आवाज ऐकू येई, "पण सर, आत्या उठून का जात न्हाई तिथून?" आणि मग सरांचं, "हां! आता विचारलं!" त्या 'हां'मध्ये एवढा आनंद असे, की मी माझ्या वर्गात सालं सांगता सांगता थांबत असे.

एप्रिल संपताना, परीक्षा तोंडावर असताना, मी आणि सर पुस्तकांच्या दुकानात गेलो. मालक राजस्थानी, तीन पिढ्यांपासून जालन्याचे. त्यांची मराठी आमच्यापेक्षा इथली. सरांनी गमतीने त्या वर्षीचं गाईड उचललं. "बघू, आमच्या आत्याबाईंना यंदा तरी जागा दिली का." चाळलं, पुन्हा चाळलं आणि हसत म्हणाले, "शेठ, छापणाऱ्यानं घोळ घातला. यात भलतंच नाटक आहे."

"भलतं कसं सर? हेच तर लागलंय औंदा. पोर्शन बदलला ना."

"कधी?"

"जानेवारीतच. तुमच्या कॉलेजला कागद आल्ता की. पोरं जुनं गाईड परत करून गेल्ती."

कागद आला होता, हे खरं. तो कार्यालयाने प्राध्यापकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला होता, एका वाढदिवसाचा केक आणि एक सुप्रभातचा गुलाब यांच्या मध्ये. सरांनी तो गट गुलाबांना कंटाळून कधीच सोडला होता. आणि जे नाटक तोंडपाठ, त्याचा अभ्यासक्रम पाहायला कोण जातो? मुलं वर्गात येत असती तर कोणीतरी पहिल्याच दिवशी ओरडलं असतं. चार महिने तळणीकर सर नसलेलं नाटक शिकवत होते आणि त्यामुळे एकाच माणसाचं नुकसान होणार होतं: जी रोज वर्गात आली तिचं.

सरांनी नवं नाटक विकत घेतलं. दुकानाच्या पायरीवरच वाचायला सुरुवात केली. मग म्हणाले, "मला टेंभुर्णीला न्या. उद्याच. जेवढे दिवस आहेत तेवढे तिच्या घरी जाऊन शिकवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मोटारसायकलवरून निघालो. उन्हं आठ वाजताच भाजत होती. सर मागे, मांडीवर पिशवी. राजूरला उसाचा रस प्यायला थांबलो. मी म्हटलं, "गणपतीचं दर्शन घ्यायचं का?" सर म्हणाले, "काय सांगू त्याला? पोर्शन बदलला म्हणून? त्यालाही माहीत असेल. मला सोडून सगळ्यांना माहीत होतं."

गाडेकर बाईंच्या सासूने पाणी दिलं. "सर आले, सर आले," म्हणत खुर्च्या टाकल्या. अनिताबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. सर बसलेच नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "बाई, माझ्या हातून फार मोठी चूक झाली. आपण जे नाटक..."

"मला माहिती आहे, सर."

"काय माहिती आहे?"

"नाटक बदललं ते. पहिल्याच आठवड्यात कळलं. मैत्रिणीनं सांगितलं."

सर हळूच खुर्चीवर बसले. "मंग बोलल्या का न्हाई?"

सासूबाईच म्हणाल्या, "मी म्हणलं हिला, एवढं भाडं घालून जातीस, त्या सरांना सांग की. तर म्हणती, सांगितलं तर ते थांबतील."

"म्हणजे चार महिने तुम्ही मला सांभाळून राह्यल्या," सर म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान मी कधी ऐकला नव्हता. "मी शिकवून राह्यलो होतो, आणि तुम्ही म्हाताऱ्या माणसाचा मान ठेवून राह्यल्या."

"न्हाई सर. ऐकून राह्यले."

सरांना ते पटलं नाही. पटावं तरी कसं? आयुष्यभर त्यांनी न ऐकताच पोरांच्या माना हलताना पाहिल्या होत्या. त्यांनी पिशवीतून नवं नाटक काढलं. मला वाटलं, आता शिकवणी सुरू होईल. पण त्यांनी पुस्तक उघडलं नाही. नुसतंच म्हणाले, "दुसरा अंक. गप्प कोण आहे?"

नव्या नाटकात लग्नाची बोलणी चाललेली असतात आणि मुलीचा धाकटा भाऊ दारात उभा असतो. सरांना तोच अपेक्षित होता. अनिताबाई म्हणाल्या, "मुलीची आई."

"आई तर सारखी बोलते! पानं भरलीत तिच्या बोलण्यानं."

"बोलते, सर. पण एकसुद्धा वाक्य स्वतःचं न्हाई. नवऱ्याचं बोलते, सासूचं बोलते. तिचं काय म्हणणं आहे ते कुठंच न्हाई."

"बोलणारा माणूस गप्प कसा?"

"आमच्याकडं या चार दिवस राहायला," अनिताबाई म्हणाल्या, आणि सासूबाई मोठ्याने हसल्या.

सर हसले नाहीत. त्यांनी पुस्तक उघडलं, चष्मा कपाळावर चढवला आणि दुसरा अंक वाचायला लागले. आम्ही चहा प्यायलो. बऱ्याच वेळाने त्यांनी पुस्तक मिटलं. "मी एवढी वर्षं जो तोंड उघडत न्हाई, त्यालाच शोधत होतो," ते म्हणाले. "हे मला सुचलं न्हाई."

परतताना मी धीर द्यायला म्हटलं, "सर, ती पास होणार."

"होईल. माझ्याशिवाय होईल." मग राजूर मागे पडल्यावर मागून आवाज आला, "पण मंग ती येत का होती हो?" उत्तर इतकं सोपं होतं, की ते दुसऱ्याने सांगण्यात अर्थ नव्हता.

मेअखेर सर निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, आणि 'दीपस्तंभ' हा शब्द प्रत्येक वक्त्याने एकदा. जूनमध्ये मुलगा येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेला. मराठीच्या एम.ए.ला त्या वर्षी कोणी नाव घातलं नाही. खोलीत आता जुनी बाकं ठेवतात.

निकाल लागल्यावर अनिताबाई पेढे घेऊन आल्या. नाटकाच्या पेपरात गुण बेताचेच होते, गाईड पाठ केलेल्यांपेक्षा कमी. एकूण मात्र हवे तेवढे पडले होते. सर गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. मी फोन लावून स्पीकरवर दिला.

"सर, पास झाले," त्या म्हणाल्या. आणि लगेच, "सर, आपला तिसरा अंक राह्यला."

"कशाचा?"

"न्यायाधीशाचा. दोनच झाले होते."

पलीकडे खुर्ची सरकली. मग सरांचा आवाज आला. "तिसरा अंक मला कधी उलगडलाच न्हाई, बाई. दरवर्षी उरकून टाकायचो. तुम्ही वाचलाय ना? मंग तुम्ही सांगा. मी बसलोय."

अनिताबाई शेजारच्या खोलीतल्या जुन्या बाकांमध्ये जागा करून बसल्या आणि बोलू लागल्या. माझा तास होता, मी गेलो. परत आलो तेव्हाही त्या बोलतच होत्या आणि फोनमधून मधूनमधून एवढंच येत होतं, "मंग?"

थंडीत सरांच्या मुलाचा फोन आला. सर झोपेतच गेले होते. तो म्हणाला, "बाबा इथं कोणात मिसळले नाहीत. सोसायटीच्या कट्ट्यावर नेलं, तर सगळे एकदमच बोलतात म्हणून परत आले. फक्त गुरुवारी दुपारी दार लावून घ्यायचे. टेंभुर्णीहून कोणा बाईंचा फोन यायचा. त्यांना कळवायला हवं, पण काय सांगू ते मला सुचेना."

मी स्वतः गेलो. अनिताबाईंना तोवर जाफराबादला तासिका तत्त्वावर काम मिळालं होतं. नुकत्याच परतल्या होत्या. दारातच त्यांना सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. सासूबाई आतून पाणी घेऊन आल्या, तांब्या तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"मागच्या गुरुवारी सर चिडले होते," अनिताबाई म्हणाल्या. "म्हणाले, तुमचं म्हणणं मला बिलकुल मान्य न्हाई. पुढच्या वेळी नीट मांडा, मी मधे एक शब्द बोलणार न्हाई." त्यांनी डोळे पुसले नाहीत. समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. "सगळं जुळवून ठेवलं होतं, सर. उद्या मी बोलणार होते."