दूध नसलेल्या खानावळीतली मिरची

"घ्या साहेब, हुंगा. तुपाचा वास येतो का?"

सुमन अक्कांनी खिचडीच्या पातेल्यावरचं झाकण काढून माझ्यासमोर धरलं. त्यांचा आवाज चढला होता. मी नमुना घ्यायच्या बाटल्या टेबलावर मांडत होतो. जेवणारी माणसं हात थांबवून बघत होती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जळगावला फूड इन्स्पेक्टर होतो. अक्कांची खानावळ स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. सहा टेबलं, आणि भिंतीवर ठळक पाटी : 'येथे दूध, दही, तूप, लोणी वापरत नाहीत.' भरीत, कळण्याची म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, शेवभाजी, फुणके म्हणजे डाळीचे वाफवलेले मुटके, खिचडी, सगळं शेंगदाण्याच्या तेलातलं. फुणक्यांबरोबर कढी नाही, चिंचेचं सार. नवं गिऱ्हाईक हमखास म्हणायचं, "कढी नाही? मग फुणके कशाला?" अक्का म्हणायच्या, "आधी खा, मग भांडा." भांडायला सहसा कोणी परत येत नसे. जेवायला मात्र येत.

हा नेम कशासाठी, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "गावात दूध कसं मिळतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. जे माझ्या डोळ्यांसमोर होत नाही, ते मी कोणाच्या ताटात वाढत नाही."

तक्रार होती ती याच पाटीबद्दल. चौधरी सर म्हणून गणिताचे शिक्षक होते, एकटे राहायचे. त्यांना लहानपणापासून दूध चालत नसे. चालत नसे म्हणजे पोट बिघडे असं नाही. अंगावर गांधी उठत, ओठ सुजत, श्वास अडके. डॉक्टर त्याला ॲलर्जी म्हणतात. दोन वर्षं ते रोज दुपारी अक्कांकडे निर्धास्त जेवत होते. एका शनिवारी जेवून शाळेच्या पायऱ्या चढताना त्यांचा घसा आवळला. सहकाऱ्यांनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. त्यांच्या थोरल्या भावाने बोदवडहून येऊन आमच्या ऑफिसात लेखी तक्रार दिली : बाई चोरून तूप घालते.

मी रीतसर नमुने घेतले. खिचडी, भरीत, तेलाचा डबा. प्रत्येक नमुन्याचे तीन भाग करायचे, सील लावायचं, एक भाग लॅबला, दोन ऑफिसात. महिन्याभराने रिपोर्ट आला. तेल शुद्ध. तुपाचा अंश नाही.

आमच्या वरिष्ठ साहेबांनी फाईल माझ्याकडे सरकवली. "बंद करा."

"सर, मग माणूस मरणाच्या दारात कसा गेला?"

"बाहेर कुठे चहा प्यायला असेल."

"दूध पिऊन मरायची भीती असलेला माणूस चहा पिणार नाही, सर."

साहेबांनी चष्मा काढला. "आठ दिवस देतो. मग बंद."

मी चौधरी सरांच्या खोलीवर गेलो. त्या शनिवारी काय काय खाल्लं, ते कागदावर लिहून द्यायला सांगितलं. त्यांनी गणितासारखं एकाखाली एक लिहिलं. भाकरी, भरीत, खिचडी, वर तेल-लसूण, तळलेली मिरची, कांदा.

"अक्का चोरून काही घालतील असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," ते म्हणाले. "म्हणून तर भीती वाटते. ज्यांच्यावर संशयच येत नाही, त्यांच्याकडे जेवताना काय तपासायचं?"

पुढच्या शनिवारी मी गिऱ्हाईक म्हणून अक्कांकडे गेलो आणि नेमकं तेच ताट मागितलं. त्यांनी मला पाहून तोंड फिरवलं, पण वाढलं. भरीत हिरव्या मिरचीचं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचं. मी प्रत्येक घासाला विचारत गेलो. हे कुठून येतं? वांगी यावलकडची. तेल घाण्याचं. कळणा इथेच दळलेला. मग मी वाळवणाची मिरची खिचडीत कुस्करली. मसाला भरून, वाळवून, तळलेली. जिभेला आंबट लागलं. पण ते लिंबाचं आंबट नव्हतं.

"अक्का, ही मिरची तुम्ही केली?"

"दरवर्षी मीच करते. मिठात, लिंबात घालून. या उन्हाळ्यात मनगट मोडलं होतं, म्हणून पारोळ्याच्या बहिणीने करून दिली. माझी जुनी होती ती दिवाळीपर्यंत पुरली. मग दीडेक महिन्यापूर्वी हिचा डबा उघडला."

"तुम्ही चाखली?"

"मला तिखट सोसत नाही. वर्षं झाली, मी मिरचीला..." त्या थांबल्या. चेहऱ्यावरचा रंग उतरला. माझ्या ताटातली मिरची त्यांनी उचलली, तुकडा तोडून जिभेवर ठेवला आणि तशाच उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही पारोळ्याला गेलो. मी नको म्हणत होतो, पण त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकायचं होतं. धाकटी बहीण पाणी घेऊन आली. अक्कांनी पेला हातातही घेतला नाही.

"मिरचीत काय घातलं होतंस?"

"मीठ, जिरं, दही," बहीण सहज म्हणाली. मग आमचे चेहरे बघून घाबरली. "दही बिगर मिरचीले चव कसी ई, अक्का? त्यामा काय चुकनं?"

परत येताना एसटीत अक्का म्हणाल्या, "तिने बिचारीने प्रेमाने केली. परक्याची असती तर दहा वेळा विचारलं असतं मी."

लॅबला का सापडलं नाही? कारण मी मिरचीचा नमुना दिलाच नव्हता. ताटाच्या कडेला ती मला नुसती मिरचीच दिसली. आणि तक्रारीत तूप होतं, म्हणून लॅबने तूप शोधलं. सरांना त्रास दुधातल्या प्रथिनांचा होता. ती वाळलेल्या दह्यातही शिल्लक असतात.

साहेबांनी रिपोर्ट वाचला. "केस टिकणार नाही. लेबल पाकिटावर असतं, भिंतीवर नाही. समज द्या."

समज द्यायची वेळ आली नाही. मी गेलो तेव्हा पाटी उतरलेली होती. मिरचीचा डबा अक्कांनी पुरून टाकला होता आणि त्या स्वतः सरांच्या खोलीवर जाऊन सगळं सांगून आल्या होत्या. सरांचे भाऊ तिथे होते. ते पुष्कळ बोलले. अक्कांनी ऐकून घेतलं.

सर दोन महिन्यांनी आले. मी योगायोगाने तिथेच जेवत होतो. अक्का गल्ला सोडून त्यांच्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. प्रत्येक पदार्थ कशाचा, कोणी केला, हे धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं. सरांनी ऐकलं, भाकरी मोडली, भरीत घेतलं. पहिला घास बराच वेळ चावला. मिरची मागितली नाही. अक्कांनीही वाढली नाही.

त्यानंतर मी वीस वर्षं नोकरी केली. यात काय आहे, हा प्रश्न मी कधी सोडला नाही. पण त्याच्याआधी, हे कोणाच्या हातचं आहे, ते विचारू लागलो. उत्तरात बहीण, आई किंवा वहिनी आली की त्या पदार्थाचा नमुना आधी घ्यायचो.