सुमेधाताईंनी मोजलेलं पेट्रोल

सुमेधा गजभिये यांची सगळी नोकरी नागपुरात वजनमापे खात्यात गेली. आधी भाजीबाजारातले तराजू, मग सोनारांचे काटे, आणि निरीक्षक झाल्यावर पेट्रोल पंप. पंपावर खात्याची जीप थांबली की ताई पाच लिटरचं माप खाली ठेवायच्या, त्यात पेट्रोल सोडायला लावायच्या आणि खाली वाकून मापाच्या मानेवरची रेघ अगदी डोळ्यांच्या पातळीत आणून बघायच्या. मालक लगबगीने चहा मागवायचा. "आधी रेघ, मग चहा," ताई म्हणायच्या, आणि रेघ बघून झाली की चहा न घेताच निघायच्या.

निवृत्त झाल्यावर त्या परदेशात, ब्रॅम्पटनला लेकीकडे आल्या. धम्मप्रिया एका फूड टेस्टिंग लॅबमध्ये होती. जावई शैलेंद्र विंडसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनीयर. तो सोमवारी पहाटे निघायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी परत यायचा. जाऊन-येऊन सातशे किलोमीटरच्या वर प्रवास, त्यामुळे त्या घरात पेट्रोलचा विषय दूध-भाजीसारखा रोजचा होता. नात गुंजन दुसरीत होती. आजी मराठीत बोलायची, गुंजन इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघींचं छान चालायचं.

जानेवारी २०१८मधल्या एका शनिवारी मायलेकी नॉर्थफील्ड नावाच्या मोठ्या ग्रोसरीच्या दुकानात गेल्या होत्या. ट्रॉली भरली, धम्मप्रियाने मनातल्या मनात हिशेब केला, आणि काउंटरकडे जाता जाता कुकीजचा एक डबा उचलला.

"ह्या कुकीज कशाला घेऊन राहिली? घरी दोन डबे पडले आहेत."

"आई, बिल फॉर्टी सिक्स झालंय. फिफ्टीच्या वर गेलं की गॅसवर लिटरमागे पाच सेंट ऑफ मिळतात."

"गॅसवर? आपल्याकडे सिलिंडर कुठे आहे?"

"गॅस म्हणजे पेट्रोल गं. ते बघ, पार्किंगच्या कोपऱ्यात यांचाच पंप आहे. पावतीच्या खाली कूपन येतं."

ताईंनी पावती हातात घेतली. वर कांदे, कोबी, डाळ, दही, आणि तळाशी खरोखरच पेट्रोलवरची सूट. त्या पावती उलटसुलट करून बघत राहिल्या. कांदे विकणारा माणूस पेट्रोल का विकतो, आणि विकतो तर बाकीच्यांपेक्षा स्वस्त कसं देतो? नागपुरात कुणी फारच स्वस्त विकायला लागला की ताईंचं लक्ष पहिल्यांदा मापाकडे जायचं. तेच आत्ताही गेलं.

"यात काहीतरी गोम आहे," त्या गाडीत बसता बसता म्हणाल्या.

"आई, तू रिटायर झालीस," धम्मप्रिया म्हणाली.

पंपावरच्या काचेच्या केबिनमध्ये यामिनी बसायची. सांगलीची मुलगी, इथल्या कॉलेजात सप्लाय चेन शिकत होती आणि उरलेल्या वेळात हे काम करत होती. दुकान घरापासून चालत जाण्यासारखं होतं. बर्फ साफ झालेलं असलं की ताई दुपारी फिरायला म्हणून निघायच्या, ते थेट यामिनीच्या केबिनपाशी थांबायच्या. आधी हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग गावाच्या, आणि मग ताईंनी विचारलंच.

"बाई, तुझं दुकान हे पाच सेंट आणतं कुठून?"

यामिनी हसली. "काकू, गॅसवर दुकान कमवत नाही म्हणतात. लोकं स्वस्त गॅससाठी येतात आणि कूपनासाठी आत जाऊन ट्रॉली भरतात की. खरी कमाई तिथं."

"म्हणजे आमच्या कुकीजमध्ये?"

"तसंच की."

ताईंना उत्तर पटलं, पण अर्धंच. धंद्याचं गणित कळलं, मापाचं कळलं नव्हतं. एवढ्या जवळ पंप, रोज दिसणारा आणि त्यावर आपला हात फिरलेला नाही, ही गोष्ट त्यांना अंगात रुतलेल्या कुसळासारखी टोचत होती.

शेवटी त्यांनी लेकीला लॅबमधून एक लिटरचा जुना मेजरिंग सिलिंडर आणायला लावला. शैलेंद्रकडे पाच लिटरचा लाल कॅन होता, बर्फ उडवायच्या मशीनसाठी ठेवलेला. एका शुक्रवारी तो विंडसरहून लवकर आला, तेव्हा सासूबाई कोट घालून दारातच उभ्या.

"गाडीत पेट्रोल भरायचं आहे ना? चला. कूपन माझ्याकडे आहे."

पंपावर शैलेंद्रने नियमाप्रमाणे कॅन जमिनीवर ठेवला आणि बरोबर पाच लिटर सोडलं. ताईंची नजर आकड्यांवरून हलली नाही. घरी आल्यावर त्यांनी गॅरेजचं दार सताड उघडं ठेवायला लावलं, हातमोजे चढवले आणि एकेक लिटर मोजून शैलेंद्रच्या गाडीच्या टाकीत ओतायला सुरुवात केली. बाहेर उणे नऊ. गुंजन आतल्या दारातून नाक दाबून ओरडली, "आजी, इट स्टिंक्स!"

चार लिटर नीट भरले. पाचवा भरला नाही. सिलिंडरमधलं पेट्रोल रेघेच्या बरंच खाली राहिलं. ताईंनी वाकून पाहिलं, सिलिंडर सपाट फळीवर ठेवून पुन्हा पाहिलं. शंभर मिलीच्या वर कमी.

"आपल्याकडे पाच लिटरमागे पंचवीस मिली चालतात," त्या सावकाश म्हणाल्या. "याला मी जागच्या जागी सील ठोकलं असतं."

शैलेंद्र म्हणाला, "आई, सांडलं असेल थोडं."

"माझ्या हातून सांडत नाही."

दुसऱ्या दिवशी त्या केबिनपाशी गेल्या, तेव्हा नेहमीच्या गप्पा झाल्या नाहीत. ताईंनी सरळ सगळं सांगितलं. यामिनीचा चेहरा उतरला.

"काकू, कम्प्लेंट करणार तुम्ही?"

"पंपावर सरकारी नंबर चिकटवलेला आहे. तिथे फोन करीन."

"पंप बंद केला तर माझ्या शिफ्ट जातील. आत दुकानात जागा नाही. पुढच्या टर्मची फी भरायची आहे हो." मग ती म्हणाली, "पण काकू, खरंच कमी येत असेल तर लोकांचं नुकसान होतंय की. मी करू नका म्हणणार नाही."

ताई घरी आल्या आणि त्यांनी दोन दिवस फोन केला नाही. जेवताना त्यांचं लक्ष नसायचं. नागपुरात सील ठोकलं की मालकाचं नुकसान व्हायचं, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. पंपावरच्या पोरांचं काय होत असेल हा विचार तेव्हा मनात आला नव्हता. इथे ते पोर काचेमागून त्यांना हात करायचं. पण रेघ खाली होती, हेही खरं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन लावला. त्यांचं इंग्रजी सरकारी पत्रव्यवहाराचं होतं, पण पलीकडच्या बाईंना सगळं समजलं. तपासनीस येईल, असं त्या म्हणाल्या. ताईंनी विचारलं, "मला तिथे हजर राहता येईल का?" "तुम्ही लांब उभ्या राहिलात तर का नाही?" असं उत्तर आलं.

तपासनिसाचं नाव गॉर्डन. साठीकडे झुकलेला, दाढीवर दहिवर जमलेला उंच माणूस. त्याने ट्रकमधून स्टीलचं मोठं माप उतरवलं, आणि ते बघताच सुमेधाताई लांब उभं राहायचं विसरल्या. तशीच निमुळती मान, तशीच मानेला काचेची पट्टी, त्यावर रेघा. फक्त आकार चौपट.

"तुम्ही तक्रार केलीत?" गॉर्डनने विचारलं.

"हो. मी भारतात हेच काम करायची."

गॉर्डनने त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि जवळ यायची खूण केली. मापात पेट्रोल सोडण्याआधी त्याने एक तापमापक तयार ठेवला. ताईंना नवल वाटलं. वीस लिटर सोडून झाल्यावर त्याने तो मापात बुडवला.

"हे कशाला?" ताईंनी विचारलं.

गॉर्डनने पंपाच्या दर्शनी भागावरच्या छोट्या पट्टीवर बोट ठेवलं. लिटर पंधरा डिग्रीला दुरुस्त करून दाखवले आहेत, असं त्यावर लिहिलं होतं. ताईंनी ही पट्टी पहिल्याच दिवशी वाचली होती. कसला तरी यंत्राचा तपशील असेल असं समजून त्यांनी ती सोडून दिली होती.

"पेट्रोल थंडीत आक्रसतं," तो सांगू लागला. "आता टाकीतलं पेट्रोल चार डिग्रीला आहे. त्यामुळे पंप..."

"थांबा," ताई म्हणाल्या. त्यांनी डोळे मिटले. "म्हणजे हेच पेट्रोल पंधरा डिग्रीला असतं तर जेवढं झालं असतं, तेवढा आकडा पंप दाखवतो. थंड पेट्रोल दिसायला कमी, पण ऐवज, म्हणजे वजन, तेवढाच."

"तेवढाच."

"आणि मी ते उणे नऊमध्ये उघड्या गॅरेजमध्ये मोजलं. तिथे ते आणखी आक्रसलं."

गॉर्डन हसला. "मग तर कमी भरणारच होतं."

त्याने तापमानाच्या कोष्टकात बघून हिशेब केला आणि काचेच्या पट्टीसमोरून बाजूला झाला. "तुम्हीच वाचा."

गोठलेल्या काँक्रीटवर गुडघा टेकून सुमेधाताई खाली वाकल्या. कितीतरी महिन्यांनी त्यांची नजर एका खऱ्या सरकारी मापाच्या रेघेच्या पातळीत आली होती. त्यांनी आकडा वाचला. कोष्टकाशी केसभराचाही फरक नव्हता. पंप चोख होता.

त्या उठल्या तेव्हा त्यांना आपण चुकलो याचं वाईट वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. पण त्याहून जास्त त्यांना नवीन खेळणं मिळालेल्या मुलासारखं झालं होतं. एवढी वर्षं ज्या वस्तूला त्या हात लावत होत्या, तिला आणखी एक अंग होतं आणि ते त्यांनी कधी तपासलंच नव्हतं.

"तुमच्या गावी उन्हाळ्यात किती तापमान असतं?" माप रिकामं करता करता गॉर्डनने विचारलं.

"पंचेचाळीस. कधी सेहेचाळीस."

"आणि पंप काय करतात?"

"पाच लिटर म्हणजे पाच लिटर देतात," ताई म्हणाल्या. पाच लिटर फुगलेलं पेट्रोल, असं त्यांच्या मनात आलं. मे महिन्यात नागपुरात त्यांनी ज्या ज्या पंपाला शाबासकी दिली होती, तिथलं गिऱ्हाईक ऐवजाने थोडं कमीच घेऊन जात होतं, आणि त्यात कुणाचीच लबाडी नव्हती.

केबिनमध्ये यामिनी नखं कुरतडत बसली होती. ताईंनी काचेवर टकटक केली.

"पंप चोख आहे. मी चुकले. तुझ्या जिवाला उगीच घोर लावला."

"काकू!" यामिनीने आधी मोठा श्वास सोडला आणि मग न राहवून विचारलं, "पण मग ते शंभर मिली गेले कुठं?"

ताईंना हाच प्रश्न हवा होता. केबिनबाहेर गिऱ्हाईक येईपर्यंत त्या तिला पंधरा डिग्री समजावत राहिल्या. यामिनीने शेवटी विचारलं, "म्हणजे उन्हाळ्यात इथं लोकांना जास्त दिसणार?" आणि ताई खुश होऊन म्हणाल्या, "बरोबर! तुला विज्ञान सोडून सप्लाय चेन कुणी घ्यायला सांगितलं?"

घरात कूपनाचंही काहीसं मार्गी लागलं. ताईंनी शनिवारची फेरी बंद केली. तांदूळ, कणीक, तेल असं जड सामान पंधरा दिवसांतून एकदाच आणायचं, म्हणजे पन्नासचा आकडा आपोआप ओलांडला जाईल, आणि ते शुक्रवारी आणायचं, म्हणजे शैलेंद्र रविवारी टाकी भरताना कूपन हाताशी असेल. कुकीज बंद झाल्या. याबद्दल गुंजनने आजीवर पूर्ण एक आठवडा राग धरला, आणि मग आजीने नानखटाई करून दिल्यावर तो सोडला. त्या वर्षीच्या आंबेडकर जयंतीला सगळे मिसिसागाच्या हॉलमध्ये जमले होते. तिथे एक गृहस्थ आपण सूट मिळवायला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या पंपावर जातो असं कौतुकाने सांगत होते. ताईंनी त्यांना फक्त एवढंच विचारलं, "आणि तिथवर जाऊन यायला किती जळतं?" ते गृहस्थांनी मोजलं नव्हतं.

मे महिना लागला तसं ताईंना नागपूरच दिसायला लागलं. त्यांच्या हाताखाली शिकलेला भीमराव मेश्राम आता स्वतः निरीक्षक झाला होता. त्यांनी त्याला फोन लावला.

"भीमराव, पंपावर जातोस तेव्हा मापातल्या पेट्रोलमध्ये एकदा तापमापक घालून बघ."

"मॅडम, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही."

"रकान्यासाठी नको. मला सांगायला बघ."

भीमराव हसला, पण मॅडमचा शब्द त्याने कधी खाली पडू दिला नव्हता. चार-पाच दिवसांनी त्याचा फोन आला. ताई तेव्हा अंगणात गुंजनबरोबर टोमॅटोची रोपं लावत होत्या.

"मॅडम, सदतीस निघालं! आणि ते दुपारी बाराच्या आत. मालक विचारून राहिला होता की साहेब, पेट्रोलला ताप आला का?"

ताई मोठ्याने हसल्या. मातीचे हात तसेच ठेवून त्यांनी पाच लिटरमागे किती फुगलं याचा मनातल्या मनात हिशेब केला, पुन्हा केला, आणि मग आवाज जरा खाली आणून विचारलं, "जमिनीखाली तर गार राहायला हवं. टाकी किती खोल आहे रे त्यांची?"

"ते कोण सांगेल मॅडम?"

"विचार ना. आणि डिसेंबरातही एकदा बघ."

गुंजन रोप हातात धरून उभी होती. "आजी, हू इज दॅट? व्हाय आर यू लाफिंग?"

"ये, बस इथे. पेट्रोलला ताप कसा येतो ते सांगते," सुमेधाताई म्हणाल्या आणि तिच्यासाठी पायरीवर जागा करून दिली.