आत्याबाईंच्या पाण्याचं माप

बहात्तरच्या दुष्काळात माझ्या सासूबाईंना लघवीची जळजळ सुरू झाली. सासूला आम्ही आत्याबाई म्हणतो. "उन्हाळी लागलीय, जाईल आपली," म्हणत त्यांनी आठ दिवस काढले. गावात टँकर एक दिवसाआड यायचा, म्हणून त्या दिवसाला दोनच तांबे पाणी प्यायच्या. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला आणि त्या मलाच विचारू लागल्या, "तू कुणाची गं?" एसटीनं त्यांना कळंबला नेलं.

नर्सिंग होम सहा खाटांचं. डॉक्टर म्हणाले, "लघवीत पू आहे. औषध देतो, पण पोटात पाणी गेलं पाहिजे. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर सोलापूरला न्या."

तिथल्या सिस्टर काटेकोर. रोज चादर बदलायच्या, पुढून मागं कसं पुसायचं ते मला करून दाखवलं. वर एक वही दिली: किती पाणी दिलं, किती लघवी झाली, दोन्ही मापून लिहायचं. आकड्यांची मला पहिल्यापासून आवड. मी थेंब चुकवला नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याबाई मला ओळखू लागल्या, पण ताप हटेना. संध्याकाळी बेरीज केली. पाणी बारा पेले, लघवी जेमतेम दोन, तीही गढूळ. मी घाबरले. सिस्टरनी वही पाहिली आणि खाटेखाली वाकल्या. आम्ही सोबत आणलेली लहानशी कळशी तिथं होती, फडकं झाकलेली, अर्ध्याच्या वर भरलेली.

"आजी, हे काय?"

"घरी न्यायला. म्हशीला हुईल."

"आणि तुम्हाला?"

"पिलं की जळतंय. मला लागत न्हाय."

"म्हशीला मी वेगळं पाणी भरून देते. हा पेला मात्र माझ्यासमोर संपवायचा."

"सासू म्या हाय का तू?"

"इथं मीच!" सिस्टर म्हणाल्या.

शेजारच्या खाटेवरची बाळंतीण टाके धरून हसली. आत्याबाईंनी तोंड वाकडं करून पेला रिकामा केला. पुढचा प्रत्येक पेला आमच्यापैकी एकीनं समोर बसून पाजला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कपाळाला हात लावला, गार लागलं. दिवसभराची लघवी मापली, पाण्यासारखी स्वच्छ होती.

"किती झाली गं?" आत्याबाईंनी विचारलं.

"सात पेले."

"आठ असंल. नीट माप."

मी पुन्हा मापली. सातच होती.